दोन्ही टोकं तपकिरी: एका अँप्लिफायर किटचं प्रकरण

"मामा, हाई किट खोटं शे."

पारोळ्याहून भाच्याचा फोन. श्रावणातला बुधवार होता आणि रविवारी त्यांच्या घरी कानबाई देवी बसणार होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात घरोघर हे चालतं. रोट होतात, रात्रभर बायका अहिराणी गाणी म्हणतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. यंदा गाणी आपल्या हाताने बनवलेल्या अँप्लिफायरवर वाजवायची असं या पोराने आईला कबूल केलं होतं. तो आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या पहिल्या वर्षाला. मी अमळनेरला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवतो, तीस वर्षं होऊन गेली. त्यामुळे किट खोटं निघालं तर फोन मलाच येणार.

हे प्रकरण लिहून ठेवतोय, कारण यात मुख्य चूक माझी होती. पोराची नव्हती, किट पाठवणाऱ्याचीही पूर्ण नव्हती.

पिशवीत काय आलं होतं

किट साधं होतं. टीडीए 2030ए या पाच पायांच्या आयसीच्या दोन नगांवर डावा-उजवा चॅनल, त्यांच्या आधी बास-ट्रेबलसाठी 4558 नावाचा एक आयसी, आणि 12-0-12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. डायोड आणि मोठ्या कंडेन्सरनंतर साधारण अधिक 16 आणि उणे 16 व्होल्ट मिळतात. सोबतच्या कागदावर रेझिस्टरची, म्हणजे वीज अडवणाऱ्या नगांची, यादी छापलेली (ओहम हे त्यांचं माप, के म्हणजे हजार ओहम): 10 के आठ, 4.7 के चार, 22 के चार, 1 के दोन, 680 ओहम दोन, 120 ओहम दोन, एलईडीसाठी 2.2 के एक, आणि अर्ध्या वॅटचे 1 ओहम दोन. एकूण पंचवीस. पाठवणाऱ्याने हे पंचवीसही नग एकाच पिशवीत सुटे कोंबले होते, एकावरही चिठ्ठी नाही. कागदी पट्टीवर चिकटवलेले द्यायला काय जातं, देव जाणे.

पोराची तक्रार नेमकी होती. 22 के चारही गायब, 120 ओहम दोन्ही गायब. उलट यादीत नसलेले 12 के चार आले आणि 10 के आठाऐवजी दहा. त्याने विक्रेत्याकडे ऑनलाइन तक्रारही टाकून दिली होती.

इथे जरा थांबावं असा हिशेब आहे. चार गायब आणि चारच परके. दोन गायब आणि दोनच जास्त. पंचवीसाची बेरीज तंतोतंत जुळते. माल खरंच चुकीचा भरला असेल तर हिशेब असा नीटनेटका चुकत नाही. चूक पिशवीत नाही, वाचण्यात आहे, एवढं मला फोनवरच कळलं. तिथवर मी बरोबर होतो.

22 के चं कोडं सोपं निघालं. किटमधले 1 ओहमचे दोन सोडले तर बाकी सगळे निळ्या अंगाचे मेटल फिल्म, किंमत सांगणाऱ्या पाच रंगीत पट्ट्यांचे, एक टक्क्याचे, म्हणजे किमतीत फार तर एक टक्का इकडेतिकडे. अशा 22 के वर पट्ट्या येतात लाल, लाल, काळी, लाल, तपकिरी. म्हणजे दोन, दोन, शून्य, त्याला शंभराने गुणा, आणि शेवटची तपकिरी म्हणजे एक टक्का. तोच नग उलटा धरला की तपकिरी, लाल, काळी, लाल, लाल. एक, दोन, शून्य, गुणिले शंभर. झाले 12 के, दोन टक्क्यांचे. बाजारात 12 के मिळतोच, त्यामुळे वाचणाऱ्याला शंका यायचं कारण नाही. फक्त एक धागा हातात राहतो: बाकी सगळं किट एक टक्क्याचं असताना हे चारच दोन टक्क्यांचे कसे? मी त्याला म्हटलं, "लाल टोक आधी धर, मग वाच." पलीकडे जरा शांतता. मग, "हां मामा, 22 के शे!"

पोराला रंग पाठ नव्हते असं कुणी समजू नये. 'बी बी रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन' आयटीआयच्या पहिल्याच महिन्यात घोकून घेतात. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. झोपेतून उठवलं तरी तो म्हणून दाखवेल. पण ते घोकंपट्टीचं वाक्य कोणत्या टोकापासून म्हणायचं, हे त्या वाक्यात कुठेच नाही.

आम्ही शिकलो तेव्हा हा प्रश्नच नव्हता. तेव्हाचे मातकट रंगाचे कार्बन रेझिस्टर चार पट्ट्यांचे. एका टोकाला सोनेरी किंवा चंदेरी पट्टी, आणि त्या रंगाने आकडा सुरू होऊच शकत नाही. सोनेरी उजवीकडे धरा, डावीकडून वाचा, संपलं. हाताला ती सवय इतकी मुरलेली की निळे पाचपट्टे आल्यावरही मी डावीकडून उजवीकडे वाचत राहिलो. याचा फटका पुढे बसला.

फोटोवरून दिलेला निकाल

उरले 120 ओहमचे दोन. ते त्या दहा '10 के' मध्येच मिसळलेत हे उघड होतं. 10 के च्या पट्ट्या: तपकिरी, काळी, काळी, लाल, तपकिरी. 120 ओहमच्या: तपकिरी, लाल, काळी, काळी, तपकिरी. यातली एक ओळ उलटी वाचून बघा. दुसरी मिळते. दोघे एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब आहेत, आणि दोन्ही टोकं तपकिरी असल्याने कोणतं टोक शेवटचं ते रंग सांगतच नाही. टक्केवारीची पट्टी बाकीच्यांपासून जरा लांब असते असं पुस्तकात लिहितात. पाव वॅटच्या त्या तांदळाएवढ्या अंगावर ती जास्तीची फट दिसली तर नशीब. या किटमध्ये पाचही पट्ट्या सारख्या अंतरावर होत्या.

दुसरी एक पुस्तकी युक्ती असते, तीही इथे लंगडी पडते. रेझिस्टर वाटेल त्या किमतीचे बनत नाहीत. 10, 12, 15, 18, 22, 27, 33, 39, 47, 56, 68, 82 अशी बारा पायऱ्यांची मालिका आहे, प्रत्येक पायरी मागचीच्या साधारण 1.21 पट. उलटं वाचल्यावर मालिकेबाहेरचं किंवा भलतंच काहीतरी आलं तर समजायचं की टोक चुकलं. 680 ओहम उलटा वाचला तर दहा गिगाओहम, म्हणजे हजार कोटी ओहम, येतो. असला नग अँप्लिफायरच्या किटमध्ये कोण टाकेल! पण 10 के आणि 120 हे दोघेही मालिकेतलेच. चाळणी लावली तरी दोघेही खाली पडतात.

हे सगळं मला आज सुचतंय. बुधवारी मी त्याला एवढंच म्हटलं, "दहाही ओळीत ठेव, फोटो पाठव."

त्याने वर्तमानपत्रावर दहा रेझिस्टर मांडून फोटो पाठवला. रात्रीची वेळ, पिवळा बल्ब. दुकानात गिऱ्हाईक उभं. मी फोटो मोठा करून डावीकडून वाचत गेलो. आठ नग तपकिरी-काळी वाचले, दोन तपकिरी-लाल. यादीत 120 दोनच. आकडा जुळला! मी त्या दोघांभोवती बोटाने गोल काढून फोटो परत पाठवला: "हे 120."

पोराने नग कोणत्या तोंडाने मांडलेत हे मी विचारलंच नव्हतं. त्याने पिशवीतून हाताला येतील तसे ठेवले होते. मी गोल केलेल्या दोघांपैकी एक खरोखर 120 होता. दुसरा होता उलटा ठेवलेला 10 के. आणि दुसरा खरा 120 स्वतः उलटा पडल्यामुळे उरलेल्या आठात 10 के म्हणून बसला होता. संख्या जुळली ती निव्वळ योगायोगाने, आणि ती जुळली म्हणूनच मी पुढे काही बघितलं नाही. नऊ-एक असं काही आलं असतं तर शंका घेतली असती.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. पोराने त्याच रात्री त्याच्या पिवळ्या स्वस्तातल्या मीटरवर दोघे मोजले होते. "मामा, एकावर 120 दाखवतंय, दुसऱ्यावर नुसतं 1." मी म्हणालो, "बॅटरी उतरली असेल, सोड." मीटरचा खटका 2000 ओहमच्या रेंजवर होता. त्या रेंजवर 10 के लावला की पडद्याच्या डाव्या कडेला एकटा 1 उभा राहतो. त्याचा अर्थ 'एक' नव्हे, 'माझ्या मापाबाहेर'. मीटर अगदी खरं बोलत होतं. मी तीस वर्षं तो एकटा 1 बघत आलोय, पण फोनवर कुणी 'एक' म्हटलं तर मला एक आकडाच ऐकू आला.

शनिवार

शुक्रवारी रात्री त्याने सगळं सोल्डर केलं. शनिवारी सकाळी फोन: "मामा, आवाज फाटी राहिना." शिवाय डाव्या बाजूला ढोल ऐकूच येत नाही, नुसती झांज. दुकान शेजाऱ्यावर सोपवून मी एसटी धरली. पारोळ्याला पोहोचलो तर बहिणीच्या घरी गव्हाचं दळण चाललेलं. चहा हातात देताना तिचा एकच प्रश्न, "भाऊ, रातले गाना वाजतीन ना रे?" म्हटलं, उद्या रात्री ना? मग वाजतील.

आधी सिरीजचा बल्ब काढला. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला (घरची वीज येते त्या बाजूला) 60 वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये घालून मगच नवीन सर्किटची प्लेट चालू करावी. शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो, आयसी वाचतो. इथे बल्ब क्षणभर उजळून मंद झाला. म्हणजे मोठी भानगड नाही.

मग लक्षणं वेगवेगळी केली. फाटका आवाज दोन्ही बाजूंना होता, तेव्हा त्याचं मूळ दोन्ही चॅनलना सामाईक अशा जागी. गायब बास फक्त डावीकडे, तेव्हा ते मूळ डाव्या वाटेवर. ही दोन निरनिराळी दुखणी होती. एकाच आयसीवर संशय घेऊन तो बदलत बसलो असतो तर दिवस गेला असता. पोराने तोवर नवा 4558 आणायला धुळ्याला जायची तयारी केलीच होती.

दोन्ही चॅनलना सामाईक असा आयसी एकच, तो 4558. एकाच डबीत दोन अँप्लिफायर, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. त्याला वीज मिळते पाय 8 वर अधिक आणि पाय 4 वर उणे, आणि प्रत्येक वाटेवर मुख्य पुरवठ्यापासून एक 120 ओहमचा रेझिस्टर, पुढे कंडेन्सर. पुरवठ्यातली घरघर गाळायला ही सोय. 4558 साधारण साडेतीन मिलिअँपिअर खातो. 120 ओहमवर त्याने जेमतेम 0.4 व्होल्ट पडतो. पाय 8 वर 15.6 मिळाले. ठीक. पाय 4 वर उणे साडेपंधरा हवे होते, तिथे काटा, म्हणजे आकडा, शून्याच्या आसपास घुटमळत होता. त्या बाजूच्या रेझिस्टरच्या एका टोकाला उणे 16 आणि दुसऱ्या टोकाला जवळपास काही नाही. सगळा दाब त्या एका रेझिस्टरने गिळला होता.

120 ओहमने 16 व्होल्ट गिळायचे तर त्यातून 130 मिलिअँपिअरच्या वर जायला हवेत. तेवढ्याने तो पाव वॅटचा नग काळा पडून धूर आला असता. हा बोटाला गार लागत होता. म्हणजे तो 120 नव्हेच.

वीज बंद केली, मोठे कंडेन्सर रिकामे केले, रेझिस्टरचा एक पाय उचलला आणि मीटर 20 के वर ठेवून मोजलं: 9.97. पाय न उचलता मोजला असता तर आयसीतून जाणारी समांतर वाटही मोजली गेली असती आणि आकडा कमी आला असता. सोल्डर केलेल्या प्लेटवर मीटर जे दाखवतं ते त्या एका नगाचं माप असतंच असं नाही.

तेव्हा मला तो फोटो आठवला. मान खाली घालून पोराला म्हटलं, "काढ रे तो फोटो." दोघांनी मिळून पाहिला. तो काही बोलला नाही, हे त्याचं मोठेपण.

आता दुसरा 120 कुठेतरी 10 के च्या जागी बसलेला असणार, आणि अशा जागा आठ. आठही उचलायची गरज पडली नाही. डावीकडचा गेलेला बासच पत्ता सांगत होता. आत येणारा आवाज आधी 1 मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून जातो आणि मग 10 के जमिनीला जोडलेला असतो. ही जोडी मिळून खालचे स्वर कुठपर्यंत येऊ द्यायचे ते ठरवते. 10 के असेल तर सीमा साधारण 16 हर्ट्झवर, म्हणजे कानाच्याही खाली. तिथे 120 ओहम बसला तर हीच सीमा 1300 हर्ट्झच्या वर जाते. ढोल, बास गिटार, पुरुषाच्या आवाजाचा भरणा, सगळं बाहेर अडवलं जातं आणि झांज तेवढी आत येते. पोराने फोनवर जे सांगितलं ते नेमकं हेच होतं. उजवीकडे त्या कंडेन्सरच्या पुढून जमिनीपर्यंत मोजलं, जवळपास 10 के. डावीकडे तिथेच 119 ओहम.

दोघांची अदलाबदल केली. काढताना एक काळजी घेतली: स्वस्त प्लेटवर गरम सोल्डरमधून पाय ओढला की खालची तांब्याची चकती सोबत निघते. म्हणून 10 के चा नग सरळ कापून टाकला, पाय एकेक करून उपसले, आणि नवा माझ्या डबीतून लावला. 120 मात्र माझ्याकडे नव्हता, तो जपून काढून परत वापरला.

वीज दिली. पाय 8 वर अधिक 15.6, पाय 4 वर उणे 15.5. आवाज स्वच्छ, ढोल दोन्हीकडे.

जाता जाता तपासलेलं

प्लेट उघडीच होती म्हणून बाकीचेही पाहून घेतले. 680 ओहमची मला जास्त काळजी होती. टीडीए 2030ए ची वाढ, म्हणजे तो आवाज किती पट मोठा करतो ते, ठरते 22 के आणि 680 या जोडीने: 22000 भागिले 680 अधिक एक, म्हणजे 33 पट, साधारण 30 डेसिबल. हा आयसी 24 डेसिबलच्या खाली वापरू नये असं बनवणाऱ्याच्या कागदातच आहे, खाली आला की तो स्वतःच थरथरायला लागतो, कानाला ऐकू न येणाऱ्या उंच स्वरात, आणि नुसता तापत राहतो. 680 वर पट्ट्या निळी, राखाडी, काळी, काळी, तपकिरी. 6.8 के वर निळी, राखाडी, काळी, तपकिरी, तपकिरी. फरक चौथ्या पट्टीचा, काळी की तपकिरी. निळ्या अंगावर पिवळ्या उजेडात तो फरक मला चष्म्यानेही दिसत नाही. 680 च्या जागी 6.8 के गेला तर वाढ चार पटींवर येते. या किटच्या यादीत 6.8 के नव्हताच, म्हणून निभावलं. ज्या किटमध्ये दोन्ही असतील तिथे डोळ्यावर विसंबू नये.

1 ओहमचे दोन मातकट, चार पट्ट्यांचे: तपकिरी, काळी, सोनेरी, सोनेरी. तिसरी सोनेरी म्हणजे दहाने भागा. मीटर 1.4 दाखवत होतं. पोरगा चपापला. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या तर 0.4, ते वायरींचंच. वजा केलं की 1 उरला.

त्याच्या मीटरची 9 व्होल्टची बॅटरी, बरं का, अगदी भरलेली होती.

संध्याकाळी परत निघायच्या आधी आम्ही दोघांनी बसून एक पट्टी लिहिली आणि खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवली. एक टक्क्यात एकने सुरू होणारे नग, दोन्ही टोकं तपकिरी: 1 के उलटा वाचला की 110 ओहम, 10 के चा 120, 100 के चा 130. 100 ओहम आणि 12 के कसेही धरा, तेच. खाली त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'मीटर 20 के वर. एकटा 1 = रेंज वाढव.'

रविवारी रात्री गाणी वाजली. डाव्या बाजूला थोडी घरघर राहिली होती. ती ट्रान्सफॉर्मरच्या फार जवळून गेलेल्या इनपुटच्या वायरीची, बायकांच्या आवाजात ती कुणाला ऐकू आली नाही.

पुढच्या गुरुवारी विक्रेत्याकडून कुरिअर आलं. पोराची तक्रार मान्य करून त्यांनी 'कमी पडलेले' सहा रेझिस्टर पाठवले होते. चार 22 के, दोन 120, एकाच पिशवीत सुटे, चिठ्ठी नाही. त्याने मला फोटो पाठवला नाही.